ग्लू गन जप्त

हत्तीचा डावा कान प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पडला. आदल्याच दिवशी उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी त्याच हत्तीपाशी उभं राहून ‘टाकाऊतून टिकाऊ’वर दहा मिनिटं भाषण ठोकलेलं, फोटो काढलेले. दोन-दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या कापून, एकीला एक चिकटवून, वरून सोनेरी स्प्रे मारलेला हत्ती. एप्रिल महिना, कोल्हापूरचं ऊन, आणि हत्ती ठेवलेला उघड्या पॅसेजमध्ये, कारण दारातून आत जाईना. ग्लू गनची ती पांढरी कांडी गरम झाल्यावर वितळते म्हणून तर चिकटते, मग उन्हात परत मऊ पडली तर तिची काय चूक. पोरं धावत आली, गन लावली, कान परत बसवला. मग सोंड निघाली. पाच वाजेपर्यंत हत्तीचं डुक्कर झालेलं आणि शिपाईमामा विचारत होते, मॅडम हे आत घेऊ का घंटागाडीत देऊ.

मी हसले, खोटं कशाला सांगू. पण रात्री घरी गेल्यावर वाईट वाटलं, कारण प्रोजेक्ट मीच दिलेला. मी त्या कॉलेजात आठवड्यातून दोन दिवस व्हिजिटिंगला जाते, शिल्पकलेच्या सेकंड इयरला, आणि सापडलेल्या वस्तूंमधून शिल्प हा विषय दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो. पोरांनी जीव तोडून काम केलेलं, तीन आठवडे हॉटेलं आणि मंगल कार्यालयं फिरून बाटल्या गोळा केलेल्या. मी त्यांना काय वापरायचं ते सांगितलं होतं आणि जोडायचं कसं याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. म्हणजे तो कान माझ्यामुळेच पडला, असं माझं मत झालं आणि अजून तेच आहे.

पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी वर्गाच्या दारातच एक खोका ठेवला. ग्लू गन जमा करा. नऊ निघाल्या, नऊ! पोरांकडे छन्नी-हातोडी धड नसते पण गन प्रत्येकाच्या सॅकमध्ये. मग बाकीचे नियम सांगितले, एमसील नाही, फेव्हिक्विक नाही, स्प्रे पेंट तर अजिबात नाही, खर्च दोनशे रुपयांच्या आत, मुदत दहा दिवस. आणि काय बनवायचं ते आधी ठरवून यायचं नाही. हा शेवटचा नियम ऐकून जी शांतता पसरली ती गन घेतली तेव्हा पण पसरली नव्हती. एकजण म्हणाला, मॅडम मग सुरुवात कुठनं करायची? म्हटलं भंगाराच्या दुकानातनं.

इथे जरा त्या ‘टाकाऊतून टिकाऊ’वर बोलते, कारण माझं त्या दोन शब्दांशी जुनं भांडण आहे. आपण सगळे शाळेत कार्यानुभवाच्या तासाला यातून गेलोय. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, जुन्या सीडीवर आरसे चिकटवून वॉल हँगिंग, फुटक्या बांगड्यांचं तोरण, नारळाच्या करवंटीचं कासव. बाईंनी मार्क दिले, आईने शोकेसमध्ये ठेवलं, वर्षभर धूळ खाल्ली आणि मग आईनेच एका दिवाळीला गुपचूप फेकलं. टिकाऊ तर सोडा, आणि टाकाऊ तरी कुठे होतं ते? आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट आम्ही स्टेशनरीच्या दुकानातून नवं कोरं विकत आणायचो! पण खरी तक्रार वेगळीच. या शब्दांत वस्तूला स्वतःचं असं काहीच म्हणणं नाही. ती आधी कचरा असते, मग आपल्या कृपेने कासव होते. करवंटी कशी असते, तिला तीन डोळे असतात, घासली की ती काळीभोर चकाकते, मारली तर कशी फुटते, हे कोण बघतंय. तिचं कासव करून मोकळं व्हायचं.

आणि गंमत म्हणजे ज्या शाळेत आम्ही ही कासवं करायचो त्याच शाळेतली आम्ही पोरं दिवाळीत दारात किल्ला करायचो तेव्हा एकदम शहाणी असायचो. विटांचे तुकडे, दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून मातीचा लेप, त्यात मोहरी नाहीतर हळीव टोचायचं म्हणजे चार-पाच दिवसांत जंगल. कोणी शिकवलं नव्हतं. गोणपाट नुसतं टाकलं तर माती घसरते, चिखल फार पातळ झाला तर वाळल्यावर भेगा पडतात, बुरूज आधी दाबून घेतला नाही तर मावळ्यासकट खाली येतो, हे सगळं हाताला ठाऊक होतं. आणि किल्ला टिकावा अशी कुणाचीच अपेक्षा नसायची. तुळशीच्या लग्नापर्यंत राहिला तर राहिला. महाराष्ट्रात शिल्पकलेचं फाउंडेशन जर कुठे होत असेल तर ते दिवाळीच्या सुट्टीत गल्लीत होतं, असं मी वर्गात सांगते आणि पोरं माना डोलावतात, आणि मग लगेच प्लास्टिकच्या बाटलीचा मोर करायला घेतात.

तर भंगार. आम्ही बावीसजण एका सकाळी भंगाराच्या दुकानात जाऊन उभे राहिलो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दारात मोठा काटा, आणि काट्यामागे मालक, ज्यांना मी आता मामा म्हणते. पहिल्यांदा त्यांना वाटलं कसलीतरी सरकारी पाहणी आली. मग कळलं पोरं आहेत, तेव्हा खूश झाले आणि अर्धा तास असा काही तास घेतला की मी मुकाट मागे जाऊन बसले. त्यांच्याकडे ढीग ‘वस्तूं’चे नाहीतच, मालाचे आहेत. पत्रा वेगळा, बीड म्हणजे ओतीव लोखंड वेगळं, पितळ, तांबं, आणि ॲल्युमिनिअम, ज्याला ते अजून जर्मन म्हणतात. हातात चुंबक. चिकटलं नाही तर पितळ असेल, मग कानस मारून आतला रंग बघायचा, कारण वरून पिवळं म्हणजे पितळच असतं असं नाही. बीड आणि साधं लोखंड आवाजावरून ओळखतात, वाजवून दाखवलं, बीड बद्द वाजतं. सायकलची चेन, पंख्याचं पातं, शिलाई मशीनचं पायडल, आमच्या डोळ्यांना ही वेगवेगळी नावं दिसत होती आणि त्यांना फक्त धातू दिसत होता. दोन्ही नजरा लागतात खरं तर. पिकासोने १९४२ साली सायकलची सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंमधून बैलाचं डोकं केलं, ते बघताना सीट पण दिसते आणि बैल पण दिसतो, आणि एक दिसला म्हणून दुसरं दिसायचं थांबत नाही. आमच्या हत्तीत बाटली कुठे दिसत होती? सोनेरी रंगाखाली गेलेली.

त्या शेडमध्ये एका मुलीने कसलीशी पुली उचलली. जतकडची मुलगी, वर्गात फारसं बोलत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनची जुनी पुली, बिडाची, पाच आरे, एक आरा तुटलेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतकी वर्षं फाउंड्र्या आहेत, त्यामुळे आमच्याकडच्या भंगारात बीड भरपूर येतं. मग तिने आणखी एक लहान पुली आणि एक दाताळं चाक घेतलं. काट्यावर अकरा किलो चारशे भरलं. पैसे दोनशेच्या वर जात होते, मामांनी सोडून दिले, वर म्हणाले काम झालं की परत आणून टाक, घेतो वजनावर.

कॉलेजात आल्यावर ती म्हणाली, मॅडम, वेल्डिंग तर चालेल ना? नियमात नव्हतं, चालेल म्हटलं. मला माहीत होतं काय होणार. बीड वेल्डिंग घेत नाही. म्हणजे घेतं, पण त्याला वेगळा निकेलचा रॉड लागतो, आधी तापवून घ्यावं लागतं, मग सावकाश गार करावं लागतं, हे सगळं आमच्या शेडमध्ये कोण करतंय. साधा रॉड लावला की टाका बसल्यासारखा वाटतो आणि गार होता होता बाजूलाच ‘टिक’ करून तडा जातो. तीन वेळा टिक झालं. तिसऱ्या वेळी ती खालीच बसली. तेव्हा मी तिला आधीच सांगायला हवं होतं का, यावर मी अजून ठाम नाही. वेळ वाया गेला हे खरं. पण ‘टिक’ ऐकल्याशिवाय तिला ते पटलं असतं असं मला नाही वाटत, मला स्वतःला माझ्या सरांनी सांगून पटलं नव्हतं.

आता मधेच आमच्या आप्पांबद्दल. मी इचलकरंजीची. आप्पा यंत्रमागावर होते, चाळीस वर्षं. लहानपणी डबा घेऊन गेलं की ती खडखड कानात घरी येईपर्यंत राहायची. मागावर सूत तुटतं, सारखं तुटतं, आणि ते जोडणं हेच अर्धं काम. माग थांबवायचा, दोन्ही टोकं शोधायची, गाठ मारायची, परत चालू. आप्पांची गाठ बघायला मी मुद्दाम जवळ जाऊन उभी राहायचे आणि तरी मला कधी दिसली नाही, बोटांची काहीतरी हालचाल व्हायची आणि झालेलं असायचं. एकदा मी घरी दोऱ्यावर गाठ मारून दाखवली तर म्हणाले, ही फणीत अडकणार. कारण सगळं सूत फणीच्या बारीक फटींतून जातं, गाठ जाड असली की तिथे अडकते आणि परत तुटते. बारीक आणि चपटी पाहिजे, आणि ओढ बसली की आणखी घट्ट व्हायला पाहिजे. एवढंच बोलले. घरी त्यांचा एक लाकडी धोटा होता, मागात आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो, टोकांना लोखंड बसवलेला, झिजून गुळगुळीत झालेला, तो मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला एका शिल्पात वापरला, फेव्हिकॉल लावून. आप्पा प्रदर्शन बघायला आले, सगळं बघितलं, माझ्या कामापाशी थांबले आणि म्हणाले, चिकटवलास व्हय. बास. पुढे काही नाही. मी तेव्हा चिडले होते की ह्यांना कलेतलं काही कळत नाही.

त्या मुलीला मी आप्पांची गोष्ट सांगितली नाही, उगाच कशाला. तिला घेऊन चपलांच्या गल्लीत गेले. खरं म्हणजे मला माझी चप्पल दुरुस्त करायची होती, ते निमित्त. कोल्हापुरी चप्पल जुन्या पद्धतीची असेल तर तिच्यात खिळा नसतो, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते. वादी म्हणजे कातड्याची बारीक पट्टी. आम्ही बसलो होतो तिथल्या काकांना तिने पुलीचा फोटो दाखवला, फोनवर. काकांनी फोटो जवळ घेऊन बघितला, म्हणाले हे जोडायचंय? मग कोपऱ्यातल्या कातरणाच्या ढिगातून चार-पाच लांब पट्ट्या काढल्या आणि बाजूच्या पाण्याच्या डब्यात टाकल्या. “भिजू दे. भिजली की ती लांबती, मऊ पडती. मग वढून बांध, जेवढी वढता येईल तेवढी. सावलीत वाळव, उन्हात ठेवू नगो. वाळली की सोडायची न्हाई.” पैसे घेतले नाहीत कातरणाचे. चपलेचे घेतले, बरोबर घेतले.

पुढचे चार दिवस ती मुलगी एका बादलीशेजारी बसून होती. आधी बांधलं ते सैल निघालं, कारण नीट भिजवलं नव्हतं. मग एकदा वादी तुटली. मग एक सांधा असा बसला की तिने मला हाताला धरून नेलं आणि म्हणाली ओढा. मी ओढलं. मी वजनाने बरी आहे, हललं नाही. तुटलेल्या आऱ्याच्या जागी तिने काहीच घातलं नाही, तिथून फक्त एक वादी समोरच्या कडेपर्यंत ताणली. शेवटी जे झालं ते कशासारखं दिसतं हे मला नीट सांगता येणार नाही. तीन चाकं एकमेकांना टेकून, जराशी वाकून उभी, आणि जिथे जिथे टेकलीत तिथे वाळलेल्या चामड्याचे तपकिरी वेढे. जखमेला पट्टी बांधल्यासारखे, असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला बैलाची जुंपणी. तिने नाव विचारल्यावर ‘तीन चाकं’ असं सांगितलं.

हे सगळं चालू असताना मी वर्गात एक दिवस स्लाइड दाखवल्या, पोरं दमलेली असली की मी स्लाइड दाखवते, अर्धे झोपतात, झोपू दे. त्यात शिल्पकार एल अनात्सुई होते. जन्म घानाचा, १९४४ चा, आयुष्य नायजेरियातल्या न्सुक्का नावाच्या गावी युनिव्हर्सिटीत शिकवण्यात गेलं. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनिअमची झाकणं आणि गळ्यावरच्या पट्ट्या चपट्या करून, मुडपून, भोकं पाडून तांब्याच्या तारेने एकमेकींना बांधायच्या, हजारो, आणि त्यातून भिंतभर पसरणारं काहीतरी होतं, लांबून जरीचं भरजरी वस्त्र वाटतं आणि जवळ गेलं की व्हिस्की आणि रमची नावं वाचता येतात. रम-व्हिस्कीसारखी दारू पश्चिम आफ्रिकेत आली ती युरोपच्या व्यापाऱ्यांबरोबर आणि त्याच व्यापारात माणसं पण विकली गेली, म्हणजे झाकण हे नुसतं झाकण नाहीच. २०१५ ला व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कला-प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन मिळाला. पण मी पोरांना सांगत होते ते तारेबद्दल. तार आहे म्हणून ते घडी घालता येतं, खोक्यात भरून पाठवता येतं, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या चुण्या पाडून टांगता येतं, अनात्सुई स्वतःच टांगणाऱ्यांना मोकळीक देतात. तीच झाकणं फळीवर चिकटवली असती तर? मागच्या बाकावरून आवाज आला, टाकाऊतून टिकाऊ. वर्ग हसला. मी पण.

आमच्यात एक बांद्याचा मुलगा आहे. मुंबईचं बांद्रा नव्हे, सावंतवाडीच्या पुढचं बांदा, गोव्याच्या हद्दीवरचं. तो पहिल्या दिवसापासून निवांत होता कारण दर वर्षी नरकासुर करतो, गोव्यात करतात तसा, आता तिकडे सिंधुदुर्गात पण बऱ्याच ठिकाणी करतात. बांबूचा सांगाडा, त्यात वाळलेलं गवत कोंबायचं, वर कागदाचे थर, रंगवायचं, रात्रभर मिरवायचा आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे जाळायचा. त्याने पहिल्या तासाला हात वर केला, “मॅडम, खळ चलतली?” आता खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेली चिकट पेस्ट. चिकटवायचीच वस्तू की ती. वर्गात दोन गट पडले. मी विचार करून चालेल म्हटलं आणि त्यावर माझ्याशी अजून वाद घालतात पोरं, की मॅडम तुमचा नियमच कच्चा आहे. असेल. पण खळ लावायची तर ती आधी शिजवावी लागते, गुठळी होऊ द्यायची नाही, एक थर वाळल्याशिवाय दुसरा लावता येत नाही, आणि जास्त दिवस ठेवली तर आंबते. ती तुम्हाला वाट बघायला लावते. गनचा घोडा दाबला की वीस सेकंदात काम तमाम, आणि त्या वीस सेकंदात डोक्यात काही म्हणजे काही येत नाही. मला तरी कधी आलं नाही.

त्याचं काम मात्र मला आवडलं नाही, स्पष्ट सांगते. नरकासुरच केला त्याने, लहान, रद्दी पेपरचा, हात इतका सराईत की एकही प्रश्न पडलेला दिसत नव्हता. सांगाडा बघून मी थक्क झाले होते, प्रत्येक सांध्याला सुंभाची आढी, दोन्ही अंगांनी फिरवलेली, बांबू हलेल पण निसटणार नाही अशी. मी म्हटलं इथेच थांब की, कागद लावूच नको. तो म्हणाला मॅडम मग तो नागडा दिसतलो. काय बोलणार.

सपशेल फसलेलं काम एकाचं होतं आणि मला ते सगळ्यांत जास्त आठवतं. गुऱ्हाळावरून त्याने पोतंभर चिपाड आणलं, ओलं, रस काढून नुकतंच पडलेलं. पाचटाच्या दोऱ्या वळून त्याने चिपाडाचा एक खांब बांधला, पुरुषभर उंच, सुंदर, हिरवट पिवळा. दुसऱ्या दिवशी मुंग्या. तिसऱ्या दिवशी मुंगळे पण, आणि आंबूस वास, गुत्त्यात शिरल्यासारखा. चौथ्या दिवशी चिपाड सुकून आखडलं, पाचटाच्या दोऱ्या सैल पडल्या आणि खांब कमरेतून वाकला. पोरगा रडकुंडीला आला. मी म्हटलं ठेव, बाहेर काढू नको, रोज फोटो काढ. मुंग्यांनी खांबावरून खालपासून वरपर्यंत एक वाट पाडली होती आणि खांब वाकला तशी वाट पण वाकली. परीक्षक आले तेव्हा तिथे नुसता ढिगारा आणि भिंतीवर सात फोटो. त्यांनी विचारलं, शिल्प कुठाय? पोरगा म्हणाला, सर, खाल्लं. त्याला कमी मार्क पडले. मी भांडले, पण मार्क द्यायचा अधिकार व्हिजिटिंगला नसतो.

मी स्वतः विद्यार्थी असताना आमची स्टडी टूर शांतिनिकेतनला गेली होती. कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचं ‘संथाल फॅमिली’ आहे, १९३८ चं. संथाळ कुटुंब बिऱ्हाड घेऊन निघालंय, बापाच्या खांद्यावर कावड, कावडीच्या टोपल्यात मूल, आई, कुत्रा. मोठं आहे, माणसापेक्षा मोठं. ब्रॉन्झ नाही, संगमरवर नाही, त्याला पैसे कुठले. तिथली ती लाल खडी, जांभ्याची, आणि सिमेंट, आतमध्ये सांगाडा, आणि त्यावर हे मिश्रण मुठीने फेकून मारलेलं. मी ते बघितलं तेव्हा पहिल्यांदा हात लावावासा वाटला, आणि लावला पण, तेव्हा कोणी बघत नव्हतं. खरखरीत. पायाखालची जमीन आणि मूर्तीचं अंग एकाच पोताचं. आमच्या कोकणात जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासतात, आणि मग हवेवर राहून कडक होतो, हे आमच्यातला एक मालवणचा मित्र तिथे उभा राहून सांगत होता आणि बंगाली मुलं ऐकत होती. आम्ही खाली बसून ती खडी चिमटीत घेऊन बघितली होती. माझ्याकडे काडेपेटीत भरून आणलेली थोडी अजून आहे.

त्याच टूरमध्ये परत येताना चंदीगडला पण जायचं ठरलेलं, पैसे संपले म्हणून राहिलं, ते मी पुढे खूप वर्षांनी एकटी जाऊन बघितलं. नेकचंदांचं रॉक गार्डन, मोडक्यातोडक्या वस्तूंच्या मूर्तींची बाग. रस्त्याच्या कामावरचा सरकारी इन्स्पेक्टर, १९५७ च्या सुमाराला जंगलाच्या जागेत गुपचूप सुरू केलं आणि १९७५ पर्यंत सरकारला पत्ता नाही, १९७६ ला लोकांसाठी उघडलं. सगळे तिथल्या बांगड्यांच्या बाया बघून वेडे होतात, फुटक्या बांगड्यांचे तुकडे सिमेंटच्या अंगावर दाबून बसवलेल्या. मला त्यापेक्षा एक गोष्ट लागून राहिली. चंदीगड बांधायला जी गावं उठवली त्या घरांचं मोडसाड त्यात आहे. म्हणजे ते कप, बश्या, फरशा, कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या होत्या. हे कळल्यावर त्या ओळीने उभ्या बाहुल्या बघताना माझं हसू जरा अडकलं. फाळणीत स्वतःचं गाव सोडून आलेला माणूस हे वेचत होता, हे तर त्याहून. वर्गात सांगितलं तर एका मुलीने विचारलं, मॅडम, आपण आणलेलं भंगार कुणाचं होतं हे मामांना विचारायचं का? मी म्हटलं विचारा. मामा म्हणाले, असं विचारत बसलो तर धंदा व्हायचा नाही.

परीक्षेनंतर सगळं आवरायचं असतं. हा भाग कोणी लिहीत नाही. पॅसेजमध्ये बावीस कामं आणि कॉलेजला जागा हवी वार्षिक संमेलनाच्या मंडपाला, दोन दिवसांत रिकामं करा. नरकासुर बांद्याला एसटीच्या टपावर बांधून गेला, दिवाळी लांब होती पण तो म्हणाला शिमग्याला लहान पोरांना देईन. चिपाडाचा ढिगारा शिपाईमामांनी माळ्याला दिला, खतात. एका मुलाने त्याचं काम घरी न्यायला रिक्षा केली आणि रिक्षावाल्याने बघून दुप्पट पैसे मागितले.

जतच्या मुलीची तीन चाकं आम्ही मामांच्या दुकानात नेली, तिच्या भावाच्या टेम्पोतून. मी तिला म्हटलं होतं ठेव की, पोर्टफोलिओला लागेल, मी माझ्या घरी अंगणात ठेवते. ती म्हणाली नको मॅडम, मामांना सांगितलंय परत देते म्हणून. मामांनी शिल्पाला एक चक्कर मारली, वादीला अंगठ्याने टिचकी मारून बघितली. मग कोयता उचलला, चामडं बिडात मिसळून चालत नाही, वेगळं करावं लागतं. “कापू?”

“थांबा,” ती म्हणाली, “बादली आहे?”

बादली होती, पण पुली बादलीत जाईना. मग मागच्या बाजूला गाड्या धुवायला केलेला सिमेंटचा हौद निघाला, त्यात तिघांनी मिळून ते सगळं आडवं सोडलं. मामा म्हणाले रात्रभर राहू दे. सकाळी मला लेक्चर नव्हतं म्हणून मी पण गेले. वाद्या फुगून मऊ झालेल्या, पहिली गाठ तिने बोटांनीच सोडवली, दुसरीला दात लावले, मग एकेक चाक सुटं होऊन तळाशी बसलं. वाद्या पिळून, झटकून, तिने खांद्यावर टाकल्या. बीड काट्यावर गेलं. अकरा किलो साडेतीनशे.

“पन्नास ग्रॅम कमी आलं,” मामा म्हणाले.

“वेल्डिंग करताना कपची उडाली होती,” ती म्हणाली. “तीनदा.”